नागावचे किल्लीवाले मामा

पहाटे ५:३०

पाखाडीतल्या नळाला पाणी आलंय. पाऊण तास राहील. मामा स्वतःच्या घरचं पाणी भरत नाहीत, ते मामींकडे. ते स्कूटरच्या डिकीतून किल्ल्यांचा जुडगा काढतात आणि दुसऱ्यांच्या टाक्या भरायला निघतात.

जुडगा नायलॉनच्या सुतळीत ओवलेला. प्रत्येक किल्लीला इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळलेली, रंग वेगळा. लाल म्हणजे गिरगाव. पिवळी डोंबिवली. निळी अमेरिका. मालकांची नावं मामा घेतच नाहीत. “अमेरिकेची मोटर जळली,” “डोंबिवलीला वाळवी लागली,” असं बोलतात. अकरा घरं त्यांच्या ताब्यात आहेत. चार भाड्याने गेलीत, सातांना कुलूप. आज लाल चिकटपट्टी सुटायची आहे.

अलिबागपासून रेवदंड्याच्या रस्त्याला नऊ-दहा किलोमीटरवर नागाव. रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, नारळ-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीगणिक कॉटेजच्या पाट्या. आतल्या पाखाड्यांत मात्र जुनी कौलारू घरं आहेत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि विहीर. घराला माणूस नाही. माणूस मुंबईला आहे.

आणि अलिबागेत माणसं आहेत, त्यांना घर नाही. जिल्ह्याचं ठिकाण आहे. कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल, एसटीचा डेपो, बँका, आता मेडिकल कॉलेज. बदली होऊन आलेला माणूस पहिले दोन महिने लॉजवर नाहीतर कुणाच्या तरी खोलीत काढतो. शनिवार-रविवारच्या पर्यटकाला द्यायला जागा आहे, महिन्याच्या माणसाला नाही.

सकाळी ६:४५

लाल किल्ली. कुलूप रॉकेलचे दोन थेंब घेऊन उघडतं. आत वटवाघळांचा वास. गिरगावकर गेल्या गणपतीला येऊन गेले, त्यानंतर आजच दार उघडतंय.

मजूर आले. एक गवंडी, एक बिगारी, एक बाई. गवंड्याची हजेरी हजार, बिगाऱ्याची सातशे, बाईची पाचशे. बाई सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या नंतर जाणार. हे मामांनाही माहीत आहे. मी विचारलं तर म्हणाले, “बाजारात रेट तोच आहे.” बाई काही बोलली नाही. तिनं पदर खोचला आणि माजघरातला केर काढायला घेतला.

वाळवी मागच्या दाराच्या चौकटीला लागलीय. मातीची बोटभर रुंद वाट जमिनीपासून वर चढलेली. मामा स्क्रूड्रायव्हर टोचून बघतात. दोन इंच आत जातो, मग लाकूड लागतं. “सागवान आहे. वरचं पांढरं खाल्लंय, काळं शाबूत आहे.” साडेतीनशे रुपयांची औषधाची बाटली फुटली. चौकट वाचली.

सकाळी ७:३०

मामा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि कौलांवर आहेत. पन्नाशीपर्यंत गवंडीकामच केलं. अजूनही कौलं परतायची असली की स्वतः चढतात, मजुरावर सोडत नाहीत. पाय वाश्यावर टाकायचा, रिपेवर नाही. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून बघतोय, तेवढं पुरे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, छपरं उडाली. नंतर पुष्कळांनी पत्रे टाकले. पत्रा लवकर होतो आणि माकडांनी फुटत नाही. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कुणी बसू शकत नाही. गिरगावकरांनी निम्मं छप्पर पत्र्याचं केलं, निम्मी कौलं राहिली. मामांनी फुटकी कौलं काढून खाली द्यायला सुरुवात केली. मी एक उलटं करून पाहिलं. मागे उठावाची रोमन अक्षरं, झिजलेली: बासल मिशन. मंगळूरला या मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. तिथली कौलं गलबतांतून किनाऱ्या-किनाऱ्याने येत. हे कौल रेवदंड्याला उतरलं असणार, पुढे बैलगाडी.

तशी कौलं आता नवी कोण देणार? मामा पाडलेल्या घरांची घेऊन ठेवतात. पंधरा रुपये नग. आज साठ लागली. मोजून नऊशे.

सकाळी ९:३०

न्याहारी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, अलिबागचा पांढरा कांदा. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रस्त्यावर त्याच्या वेण्यांचा भाव पर्यटकाची गाडी बघून ठरतो. मामांकडे कार्ल्याच्या व्याह्यांकडून येतो, फुकट. गवंड्याने दोन कांदे बुक्कीने फोडले. पाण्याची बाटली फिरली. दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

सकाळी १०:१५

फोन. गिरगाव. मामा स्पीकरवर लावतात, कारण हात चुन्याने भरलेत.

“मामा, आमचा जावई म्हणतोय, महिन्याला सात हजार घेण्यापेक्षा टुरिस्टला द्यावं. रात्रीचे चार हजार मिळतात म्हणे.”

हा फोन येणार हे मामांना ठाऊक होतं. प्रत्येक घराच्या वेळी येतो, बहुतेक वेळा जावयाच्याच तोंडून. मामा ओटीवर बसले, बिगाऱ्याकडून पेन्सिल घेतली आणि फरशीवरच आकडे मांडत बोलू लागले.

“साहेब, वर्षाचे आठवडे बावन्न. पावसाळ्याचे चार महिने काढा. लाँचा बंद, समुद्रात उतरायला बंदी, कोण येतो? राहिले पस्तीस. त्यातले वीस भरले तरी नशीब. वीस आठवडे, दोन-दोन रात्री, चार हजार. एक लाख साठ हजार.”

“बघा!”

“थांबा. माणूस ठेवायला लागेल कायमचा. चादरी बदलायला, रात्री बारा वाजता बर्फ आणून द्यायला. आठ हजारांच्या खाली कोणी राहत नाही. बारा महिन्यांचे शहाण्णव हजार गेले. राहिले चौसष्ट. त्यात लाइट बिल, धोबी, अ‍ॅपवाल्याचं कमिशन. आणि आधी एसी, गिझर, इन्व्हर्टर, वेस्टर्न संडास बसवायचा खर्च तुमचा. मी म्हणतो ते सात हजार गुणिले अकरा. सत्त्याहत्तर. माझे महिना हजार काढा, सहासष्ट. वर काही नाही. लाइट बिल तो भरणार.”

पलीकडे शांतता. मग: “पण शेजारचे तर लाखो कमावतात.”

“त्यांना समुद्र लागून आहे आणि पोहायचा तलाव आहे. तुमच्या पाखाडीत गाडी शिरत नाही. तुमचं घर बीचवर असतं तर मीच सांगितलं असतं, टुरिस्टला द्या.”

फोन बंद झाल्यावर मामांनी पायाने आकडे पुसले. हिशोब त्यांनी खोटा केला नाही, पण सगळा सांगितलाही नाही. कुलूपबंद घराचे महिना हजार त्यांना मिळतातच. भाड्याच्या घराचेही हजारच. उलट भाडेकरू आला की दर आठवड्याला फोन: नळ, फ्यूज, साप. त्यांचा फायदा एकच. भाड्याच्या घराचं भाडं वेळेवर येतं, त्यामुळे त्यांचेही हजार वेळेवर येतात. “अमेरिका” गेल्या दिवाळीपासून थकलीय.

दुपारी १२:१०

अलिबाग. कोर्टाजवळचं एजंटाचं दुकान. आत दोन कॉम्प्युटर, एक पंखा, अंगठ्याचं यंत्र आणि वेब कॅमेरा. करार ऑनलाइन नोंदवायचा आहे. गिरगावकरांचा अंगठा काल मुंबईतच झाला. आज भाडेकरू आणि साक्षीदार.

भाडेकरू बाई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स आहेत. रात्रपाळी करून आल्यात, डोळे लाल. नवरा थळच्या खत कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, म्हणून कुरूळच्या कॉलनीतलं क्वार्टर नाही. मुलगा चौथीत जाईल. आत्तापर्यंत तिघं अलिबागेत एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. मालकाने मार्चमध्ये खोली मागितली, खाली-वर सगळंच पर्यटकांना द्यायचं म्हणून.

करार अकरा महिन्यांचा. भाडं सात हजार, डिपॉझिट पंचवीस. स्टॅम्प ड्यूटी दोनशे. ग्रामपंचायत हद्द आहे म्हणून नोंदणी फी पाचशे, शहरात हजार पडली असती. कागद हाताळणी तीनशे. एजंटाचे हजार. एकूण दोन हजार, निम्मे-निम्मे.

साक्षीदार म्हणून मामांचा अंगठा. यंत्र घेईना. पुन्हा ठेवला. घेईना. चाळीस वर्षं चुना-सिमेंट कालवून बोटावरच्या रेषाच गुळगुळीत झाल्यात. एजंटाने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, मग आपल्या कपाळावरचं तेल लावायला सांगितलं. मामांनी अंगठा कपाळावर घासला आणि दाबला. हिरवा दिवा लागला. दुकानात सगळे हसले.

एक कलम मामांनी मुद्दाम वाचायला लावलं. देवघराची खोली मालकाच्या कुलपात राहील. भाद्रपदात गणपतीचे पाच दिवस मालकाची माणसं येतील, ओटी आणि माजघर त्यांना मोकळं करून द्यायचं.

बाईंनी विचारलं, “आणि आमचा स्वयंपाक?”

“त्यांच्यातच. गणपतीत दोन चुली कशाला? मोदकाला हात लागतातच.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान डोलावली. हे कलम मुंबईतल्या कुठल्या करारात सापडणार नाही, आणि या किनाऱ्यावर ते नसेल तर घर मिळणार नाही.

दुपारी १:००

रसवंतीगृहात दोन ग्लास, चाळीस रुपये. मामा बोलायला लागले.

मालकांना खरी भीती पैशांची नसते, “कूळ लागेल” ही असते. ही भीती इथल्या मातीतली आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३मध्ये खोतांची जमीन कसायचं नाकारलं. संप १९३९पर्यंत चालला. पुढे १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ला कसणारे मालक झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांत ही गोष्ट अजून सांगितली जाते. तिसऱ्या पिढीतला माणूस बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून म्हणतो, भाडेकरू नको, कूळ होईल.

शेतीचा कायदा वेगळा, घराचा वेगळा. घराला १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागतो. लीव्ह-लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुदत संपून माणूस उठला नाही तर दुप्पट भाडं देणं लागतो आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याला काढता येतं. मामांना कलमांचे आकडे पाठ आहेत. चोविसावं आणि पंचावन्नावं. एजंटाने शिकवले.

“आणि तुमची शेती?” मी विचारलं.

“वीस गुंठे भात.” ग्लास खाली ठेवून मामा हसले. “आजोबांना कुळातच मिळालं. कोणाचं होतं, सांगू? जाऊ द्या. निळी पट्टी.”

दुपारी ३:१५

डोंबिवलीचं घर. इथे दोन वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई राहतात. गाव नांदेडकडचं. भाडं सहा हजार. नवरा गावीच आहे, बदलीची वाट बघतोय. सोबत सासू आणि दोन मुली.

मोटर चालते, पाणी चढत नाही. फूटव्हॉल्व्ह गेला असणार. मामा आणि बिगारी विहिरीतून पाइप ओढतात. काळा पाइप, शेवाळाने बुळबुळीत. व्हॉल्व्हच्या जाळीत बोटभर चिंबोरी अडकलेली. चिंबोरी विहिरीत परत. व्हॉल्व्ह फुटलेला, नवा दोनशे ऐंशी. टेप वीस. दुरुस्तीचा खर्च मालकाचा. मामांनी बिलाचा फोटो काढून लगेच पाठवला. “लगेच पाठवलं तर देतात. महिन्याने पाठवलं तर विचारतात, इतका कसा?”

पाणी मचूळ आहे. भांड्यांना, कपड्यांना चालतं. प्यायला नळाचं.

सासूबाईंनी चहा टाकला. पहिल्या पावसाळ्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. पश्चिमेच्या भिंतीला झड लागून भिंत आतून ओली झाली, गव्हाला बुरशी आली, मुलींच्या वह्या फुगल्या. त्यांना वाटलं घर पडणार. मामांनी मग झावळ्या विणून भिंतीला झापं बांधून दिली. आता सासूबाई स्वतः झापं विणतात. ओटीवर सहा तयार आहेत, पात एकावर एक घट्ट बसलेली. मामांनी एक उचलून ताणून बघितलं आणि बाकी पाच न बघता ठेवून दिली.

इथल्या ओटीवर ज्वारीच्या पापड्या वाळत होत्या. डोंबिवलीकर गेल्या गणपतीत अशाच घेऊन गेले.

संध्याकाळी ५:१५

गिरगावचं घर आटपलं. बाईने शेवटचा हात फरशीवर फिरवला. मामा ओटीवर बसून हजेरी वाटतात. हजार, सातशे, पाचशे. नोटा रोख, मोजून दोनदा. वहीत नोंद: मजुरी २२००, कौलं ९००, औषध ३५०, चहा-वडापाव १२०. तीन हजार पाचशे सत्तर. डोंबिवलीचे तीनशे वेगळे. पेट्रोलचे शंभर मामांच्या खिशातून, ते कुठल्याच मालकाच्या नावावर पडत नाहीत.

पाचशेची नोट बाईने कमरेच्या पिशवीत ठेवली. जाता जाता म्हणाली, “मामा, आमच्या भाचीला पण बघा ना एखादं. पेणला आहे, खोलीचे पाच घेतात आणि संडास बाहेर.” मामा म्हणाले, बघतो. वहीत लिहिलं मात्र नाही.

संध्याकाळी ६:००

शुक्रवार आहे. रस्ता भरला. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची गाडी बोटीतून थेट उतरते. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, मग खाडीचा वळसाही गेला. पावसाआधीचे शेवटचे शनिवार-रविवार. नागावच्या नाक्यावर पोरं हातात पाटी घेऊन उभी: रूम, रूम.

एक पांढरी गाडी पाखाडीच्या तोंडाशी थांबली. चार तरुण. एकजण चालत आत आला. घर उघडं, धुतलेलं, ओटीवर म्हातारा माणूस.

“काका, हे देता का? एका रात्रीचं. पाच हजार.”

मामा गप्प.

“सहा. उद्या दुपारी निघतो आम्ही.”

टेम्पो येणार आहे आठला, पण तो काही सांगायचा विषय नव्हता. मामा म्हणाले, “पाणी नाही घरात.”

मागे न्हाणीतली टाकी नुकतीच भरून वाहत होती. आवाज ओटीपर्यंत येत होता. पोराने कान टवकारले, मामांकडे पाहिलं आणि परत गेला.

“हे गिरगावला सांगणार?” मी विचारलं.

“कशाला? जावई आहे ना तिथं.”

रात्री ८:०५

छोटा हत्ती पाखाडीच्या तोंडाशी लागला. आत येत नाही. पन्नास पावलं सामान उचलून न्यायचं. टेम्पोचे अठराशे ठरलेत, हमाली वेगळी की धरून यावर नर्सबाईंचा नवरा आणि ड्रायव्हर यांचं सुरू आहे. मामांनी मध्ये पडून दोनशेवर मिटवलं.

गॅसची टाकी, दोन गाद्या, कुलर, मिक्सर, सायकल, पुस्तकांची खोकी. मुलाने सायकल आधी उतरवून घेतली आणि अंगणातल्या विहिरीभोवती फेऱ्या मारायला लागला. मामा ओरडले. विहिरीवर जाळी आहे, पण जुनी आहे. उद्या तार बदलायची, वहीत लिहिलं.

शेवटी लोखंडी कपाट. जुनं दार बुटकं, उंबरठा उंच. कपाट उभं जाईना, आडवं केलं तर ओटीच्या खांबाला अडतं. ड्रायव्हर, नवरा, मामा आणि मी. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नर्सबाई कंदिलासारखा मोबाइल धरून उभ्या. शेवटी मामांनी दाराची बिजागरी खोलली, दार बाजूला काढून ठेवलं. दोन बोटांनी कपाट आत गेलं. रंगाचा एक ओरखडा चौकटीला राहिला. मामांनी त्याचाही फोटो काढला. मीटरचा काढला. दोन्ही गिरगावला पाठवले. रीडिंग ४१८२.

दार परत बसवताना ड्रायव्हर स्क्रू धरून शेजारी उभा राहिला. भाडं मिळालं होतं, तरी जाईना.

“मामा, असं अजून एखादं आहे का? मेव्हणा आहे माझा. एसटीत लागलाय, अलिबाग डेपोला. डेपोतच झोपतो.”

मामांनी स्क्रू आवळला. जुडगा खिशातून काढून डाव्या हातात घेतला, चिकटपट्ट्या चाळल्या आणि निळीवर थांबले.

“एक आहे. मोटर जळलीय आणि मालक फोन उचलत नाही. बायको-पोरं आणणार आहे का तो?”

“आणायचीत. शाळा पंधराला सुरू होते.”

“मग उद्या सकाळी साडेपाचला पाठव. पाणी येतं तेव्हा. नंतर मी सापडत नाही.”